टेस्ट बटण दाबले की पडतो, गळती झाली की पडत नाही: आरसीसीबी निकामी करणारे वायरिंगचे दोष

तक्रार दोन तऱ्हांनी येते. पहिली तऱ्हा अशी: गीझरला किंवा वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, कुणाला चांगला शॉकही बसलेला असतो, पण डीबीतला (घराच्या वीजवाटप पेटीतला) आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, जागचा हललेला नसतो. दुसरी तऱ्हा याच्या उलट: आरसीसीबी दर दोन-चार दिवसांनी विनाकारण पडतो, कधी मध्यरात्री, कधी घरात काहीच चालू नसताना. दोन्ही वेळा आरसीसीबी बदलला जातो. नवा बसतो, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. बहुतेक वेळा दोष आरसीसीबीत नसतोच. त्याच्यातून जायला हवा तो प्रवाह वायरिंगमधल्या दुसऱ्याच वाटेने जात असतो, आणि वरच्या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच निघते.

पुढचे सगळे सिंगल फेज, २३० व्होल्ट पुरवठा आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी धरून लिहिले आहे. बरेच जण यालाच अजून ईएलसीबी म्हणतात. जुना, अर्थच्या वायरवरचा व्होल्टेज पाहून पडणारा ईएलसीबी वेगळा. अर्थची वायर त्याच्या स्वतःच्या टर्मिनलमधून जात असेल, तर तो त्या जुन्या जातीचा आहे. उपकरणाची बॉडी पाण्याच्या पाइपातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीला टेकली की गळती त्याला टाळून जाते. तसा दिसला तर दुरुस्तीच्या फंदात न पडता बदलून टाका.

टेस्ट बटण नेमके काय सांगते

आरसीसीबीच्या आत एक लहान कडे असते आणि फेज व न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. फेजमधून ५ अँपिअर गेले आणि न्यूट्रलमधून ५ परत आले, तर कड्याला काही जाणवत नाही. ५ गेले आणि ४.९७ परत आले, तर उरलेले ३० मिलीअँपिअर कुठेतरी जमिनीत गेले, आणि तो पडतो. आयईसी ६१००८ या मानकाप्रमाणे ३० मिलीअँपिअरचा साधा आरसीसीबी १५ मिलीअँपिअरपर्यंत पडता कामा नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे आणि १५० ला ४० मिलिसेकंदांच्या आत.

टेस्ट बटण एका बाजूची फेज आणि दुसऱ्या बाजूचा न्यूट्रल एका रेझिस्टरमधून जोडते, म्हणजे कड्याला मुद्दाम फरक दाखवते. त्यातून कळते ते एवढेच, की पुरवठा येतो आहे, कड्याला फरक जाणवतो आहे आणि आतली कळ सुटते आहे. बटणाने घातलेला प्रवाह ३० पेक्षा बराच जास्त असू शकतो, त्यामुळे ४० ला पडणारा बिघडलेला आरसीसीबीही बटणावर पडून दाखवतो. घराची अर्थिंग आहे की नाही, बाथरूमचा सॉकेट या आरसीसीबीतून जातो की नाही, याची बटणाला काहीच खबर नसते. तरीही महिन्यातून एकदा ते दाबाच. वर्षानुवर्षे न हललेली कळ अडकून बसते, आणि ती हलती ठेवण्यासाठी हा सगळ्यात सोपा व्यायाम आहे.

डीबी न उघडता करायच्या तपासण्या

टेस्ट दाबा, आरसीसीबी पडू द्या आणि मग घरभर फिरून प्रत्येक सॉकेट, प्रत्येक दिवा तपासा. आरसीसीबी पडलेला असताना जे चालू राहते ते संरक्षणाबाहेर आहे. ही तपासणी फुकटची आहे आणि इतके दोष उघडे पाडते, की हिला पर्याय नाही. गीझर, एसी, पंप, गॅलरीचा दिवा, इन्व्हर्टरवरच्या लाइन यांच्याकडे खास लक्ष द्या. नंतर वाढवलेल्या लाइन जवळ दिसेल त्या टर्मिनलमधून ओढलेल्या असतात.

आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर या क्रमाने जा:

१. सगळ्या एमसीबी (प्रत्येक सर्किटचे, ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडणारे छोटे ब्रेकर) खाली करा, आरसीसीबी वर करा. राहिला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला पडतो त्या सर्किटमध्ये फेजकडून गळती आहे, किंवा त्याचा न्यूट्रल चुकीच्या जागी गेला आहे.

२. त्या सर्किटवरचे सगळे प्लग उपसून पुन्हा पाहा. स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लग बाहेर काढायचा. स्विच फक्त फेज तोडतो.

३. सगळ्या एमसीबी खाली असूनही आरसीसीबी वर राहत नसेल, किंवा राहून काही तासांनी पडत असेल, तर संशय न्यूट्रलवर घ्या. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रलला हातच लावत नाही. फेज तुटली तरी घरातले सगळे न्यूट्रल आरसीसीबीला जोडलेलेच राहतात.

टेस्ट बटण दाबून काहीच झाले नाही, तर आरसीसीबी खराब ठरवण्याआधी आउटपुटला पूर्ण व्होल्टेज आहे का ते बघा. बटणाला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. येणारा न्यूट्रल तुटलेला असेल तर बटण मुके होते.

डीबी उघडण्याआधी

इथून पुढे डीबीचे झाकण काढावे लागते. आरसीसीबी बंद केला तरी त्याचे इनपुट टर्मिनल जिवंत असतात. मेन स्विच खाली करा, मीटर आधी चालू लाइनवर तपासा, मग डीबीत फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही मोजा आणि पुन्हा एकदा मीटर चालू लाइनवर तपासा. निऑन टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन मेली असे धरू नका. हे काम आधी कधी केलेले नसेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा आणि पुढचे मुद्दे त्याच्याकडून करवून घ्या. कोणत्या सर्किटला काय झाले हे वरच्या तपासणीतून लिहून ठेवले असेल तर त्याचे अर्धे काम झालेले असते.

आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकणे

‘पुढे’ म्हणजे घरातल्या लोडच्या बाजूला, ‘आधी’ म्हणजे मीटरच्या बाजूला. हा दोष सगळ्यात जास्त चकवतो, कारण तो कधी आरसीसीबीला विनाकारण पाडतो तर कधी आंधळा करतो.

समजा एका स्विचबोर्डमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले आहेत. तिथपासून पुरवठ्यापर्यंत न्यूट्रलचा रोध ०.३ ओहम आहे, आणि घराची व ट्रान्सफॉर्मरची अर्थिंग मिळून जमिनीतल्या वाटेचा रोध ५ ओहम. आता ५ अँपिअरचा लोड चालू केला, तर परतणारा प्रवाह दोन वाटांत विभागतो: बहुतेक न्यूट्रलमधून, आणि सुमारे २८० मिलीअँपिअर जमिनीतून. आरसीसीबी लगेच पडतो. पण घरात फक्त एक-दोन दिवे चालू असतील, लोड ०.४ अँपिअर असेल, तर जमिनीकडे जेमतेम २२-२३ मिलीअँपिअर जातात. आरसीसीबी पडेल किंवा पडणारही नाही. म्हणूनच ‘इस्त्री लावली की पडतो, इस्त्रीला काही दोष नाही’ अशी तक्रार येते. दोष खरोखरच इस्त्रीत नसतो.

आता दुसरी बाजू. लोड नाही, आणि एखाद्या उपकरणाच्या फेजमधून बॉडीवर ६० मिलीअँपिअरची गळती झाली. ती अर्थच्या वायरने निघाली, पण वाटेत न्यूट्रलला जोड मिळाला. ५ ओहमच्या जमिनीपेक्षा ०.३ ओहमचा न्यूट्रल सोपा, म्हणून जवळजवळ ५७ मिलीअँपिअर न्यूट्रलमध्ये शिरून कड्यातूनच परत गेले. कड्याला दिसले साडेतीनच्या आसपास. ३० वर पडायला हवा तो आरसीसीबी ६० ला ढिम्म हलत नाही. एका हातात जिवंत वायर आणि दुसरा हात अर्थ केलेल्या बॉडीवर असलेल्या माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाहही याच वाटेने निसटू शकतो. आंधळा म्हणतो तो याच अर्थाने.

मध्यरात्री पडण्याचेही कारण इथेच सापडते. घरातला लोड शून्य असला तरी शेजारपाजारच्या लोडमुळे न्यूट्रल आणि अर्थ यांत थोडा व्होल्टेज असतोच. तो १ व्होल्ट असेल आणि टेकलेल्या वाटेचा एकूण रोध १० ओहम असेल, तर १०० मिलीअँपिअर वाहतात. घरात सगळे बंद असूनही आरसीसीबी पडतो, आणि शेजारचा लोड उतरला की पुन्हा नीट वर राहतो.

हा दोष पकडायचा कसा? मेन बंद करा. सगळे प्लग उपसा. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची अचानक आलेली उसळी अडवणारा) असेल तर सोडवा. आरसीसीबीच्या आउटपुटच्या दोन्ही वायर सोडवा. मग न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल एकत्र बसतात त्या पट्टीवरून) प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल एकेक करून सुटा करा आणि तो अर्थ बारशी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासा. १ मेगओहमच्या वर यायला हवे. चांगल्या कोरड्या वायरिंगमध्ये त्याच्या कितीतरी वर येते. मेगर नसेल तर मल्टिमीटरने फक्त सरळ टेकलेला दोष सापडतो, ओलाव्यामुळे होणारी गळती निसटते. आरसीसीबी जोडलेला ठेवून त्याच्यातून मेगर कधीही चालवू नका. इलेक्ट्रॉनिक जातीचा असेल तर तो तिथेच मरू शकतो.

दोषी सर्किट कळले की ते मधोमध तोडा. मधल्या स्विचबोर्डमधला न्यूट्रलचा लूप सोडला की दोष अलीकडे आहे की पलीकडे ते कळते, मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. ठरलेल्या जागा आधी बघा: सॉकेटच्या मागे अर्थची उघडी तार न्यूट्रलच्या टर्मिनलला लागलेली; लोखंडी बोर्डाच्या कडेला न्यूट्रलचे इन्सुलेशन कापलेले; फोटो टांगायला मारलेला खिळा पाइपातून आरपार गेलेला; बाहेरच्या दिव्याच्या डबीत पाणी; आणि गीझर. गीझरची कॉइल न्यूट्रलच्या टोकाजवळ फुटली असेल तर पाणी तापत राहते, फेजकडची गळती फारशी दिसत नाही आणि सिंगल पोल स्विच बंद केला तरी न्यूट्रल-अर्थ जोड कायम राहतो. गीझर, पंप अशांना दोन्ही वायर तोडणारा डबल पोल स्विच द्या असे आम्ही आग्रहाने सांगतो, त्याचे एक कारण हे आहे.

न्यूट्रल चुकीच्या लिंकवर

आरसीसीबीतून फेज घेतली, पण त्या सर्किटचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या लिंकवर बसवला, तर लोड लावताच तो पडतो. ५ वॉटचा दिवा म्हणजे २२ मिलीअँपिअर, तो कदाचित चालेल. १० वॉटचा लावला की ४३ झाले. लोडच्या प्रमाणात पडणे ही या चुकीची खूण. यावर काही जण काढतात तो उपाय चुकीपेक्षा घातक असतो: फेजसुद्धा आरसीसीबीच्या आधीहून घ्यायची. पडणे थांबते, आणि त्या सर्किटचे संरक्षणही संपते.

एका डीबीत दोन आरसीसीबी असतील तर प्रत्येकाची न्यूट्रल लिंक स्वतंत्र हवी. पहिल्याची फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल असे झाले की लोड लावताच दोघांपैकी एक किंवा दोन्ही पडतात. हे बहुतेक जिन्याच्या टू-वे दिव्यात किंवा दोन खोल्यांच्या मधल्या स्विचबोर्डमध्ये घडते, जिथे हाताशी आला तो न्यूट्रल उसना घेतलेला असतो. दोन्ही लिंक आतून कुठेतरी जोडल्या गेल्या असतील तर परतीचा प्रवाह दोघांत वाटला जातो आणि दोन्हींचा हिशेब चुकतो. तपासायला एका आरसीसीबीचा आउटपुट न्यूट्रल सोडवा आणि दोन लिंकमध्ये सलगता बघा. लागली तर कुठेतरी उसना न्यूट्रल आहे.

प्रत्येक न्यूट्रलवर त्याच्या एमसीबीचा नंबर घाला, चिकटपट्टीवर लिहून का होईना. डीबीत हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते न केल्यामुळे पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत नवा गोंधळ घुसतो.

आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेला, बसवताना याच चुकीची वेगळी आवृत्ती दिसते. काही आरसीबीओंना न्यूट्रलची एक सुटी वायर असते. ती न्यूट्रल बारवर जायला हवी आणि लोडचा न्यूट्रल आरसीबीओच्या टर्मिनलमध्ये. लोडचा न्यूट्रल बारवर ठेवला तर लोड लावताच पडतो. सुटी वायर जोडायचीच राहिली तर आतल्या इलेक्ट्रॉनिक भागाला वीज मिळत नाही. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला तो पडेल, गळतीला नाही. बटण मुके, पण लाइट मात्र चालू.

येणारा न्यूट्रल तुटला तर

मीटरपासून आरसीसीबीपर्यंतच्या न्यूट्रलचा जॉइंट जळला किंवा सुटला, की घर बंद पडते आणि सगळ्यांना वाटते लाइट गेली. पण फेज आत येतेच आहे. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, कारण चालू ठेवलेल्या उपकरणातून फेज न्यूट्रलच्या वायरीत पोचते. अशा वेळी ‘लाइट नाहीच’ म्हणून कुणी वायर हातात घेतली तर आरसीसीबी वाचवेल का, हे त्याच्या जातीवर आहे. गळतीच्या प्रवाहावरच चालणारा विद्युतचुंबकीय जातीचा न्यूट्रल नसतानाही पडतो. चालायला फेज-न्यूट्रलचा व्होल्टेज लागणारा इलेक्ट्रॉनिक जातीचा पडत नाही. नवा घेताना व्होल्टेजवर अवलंबून नसलेलाच मागा.

चार पोलचा आरसीसीबी सिंगल फेजवर वापरला असेल तर टेस्टचा रेझिस्टर कोणत्या दोन पोलांमध्ये आहे ते त्याच्या अंगावरच्या आकृतीत बघा. भलत्या दोन पोलांवर फेज-न्यूट्रल जोडले तर गळतीला पडेलही, पण टेस्ट बटण कधीच चालणार नाही.

अर्थिंग: दिसते, पण असते का?

आरसीसीबी चालायला अर्थिंग लागत नाही, हे खरे. पण अर्थची वायर तुटलेली असेल तर गळती झालेली बॉडी जिवंत होऊन बसते आणि आरसीसीबी पडतो तो कुणीतरी हात लावल्यावर, त्याच्या अंगातून प्रवाह गेल्यावर. अर्थ शाबूत असेल तर गळती झाली त्याच क्षणी पडतो, माणूस मधे न येता. हा फरक मोठा आहे.

फक्त एमसीबी आहे आणि अर्थिंग ‘चांगली’ आहे, मग आरसीसीबी कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी हिशेब. घराची अर्थिंग ५ ओहम, बाकी सगळा रोध शून्य धरू. फेज बॉडीला पूर्ण टेकली तर प्रवाह २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. ३२ अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी झटक्यात पडायला तिच्या ५ ते १० पट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ म्हणजे १.४४ पट, एमसीबीने तासाभरात नक्की पडायलाच हवे अशी मर्यादा १.४५ पटीची आहे. तेवढा वेळ बॉडीवर जीवघेणा व्होल्टेज राहतो. याच दोषाला आरसीसीबी डोळ्याचे पाते लवायच्या आत पडतो. गणिताने ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीला १६६६ ओहमपर्यंतची अर्थिंगही पुरते, कारण १६६६ गुणिले ०.०३ म्हणजे ५० व्होल्ट. पण जमीन सुकली की रोध कित्येक पट वाढतो, म्हणून १०० ओहमच्या खाली ठेवा, जमेल तितकी कमी.

अर्थिंगची खोटी रूपे दोन. पहिले, अर्थच्या पिनमध्ये वायरच नाही, किंवा वायर डीबीपर्यंत येऊन बारवर न बसता नुसती लोंबते. दुसरे फार वाईट: सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला मारलेला. मीटर फेज-अर्थ २३० दाखवतो, थ्री-पिन टेस्टरचे दिवे बरोबर पेटतात, सगळे ठीक वाटते. पण फेज बॉडीला लागली तर प्रवाह न्यूट्रलने परत जातो आणि आरसीसीबीला काहीच कळत नाही. आणि त्या लाइनचा न्यूट्रल कुठे तुटला, तर लोडमधून आलेली फेज थेट फ्रिजच्या, मशीनच्या बॉडीवर. असा तुकडा दिसला तर त्याच क्षणी कापा. खरी अर्थ येईपर्यंत त्या सॉकेटवर धातूच्या बॉडीचे उपकरण लावू नका.

न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदलही थ्री-पिन टेस्टर ओळखत नाही, कारण दोन्हींवर व्होल्टेज जवळपास शून्यच. आरसीसीबी असेल तर अशा सॉकेटवर लोड लावताच पडतो. नसेल तर अर्थची वायर वर्षानुवर्षे लोडचा प्रवाह वाहत राहते.

फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा दिवा लावून अर्थिंग तपासायची जुनी सवय सोडून द्या. अर्थ पुढे तुटलेली असेल तर त्या दिव्यातून फेज घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या बॉडींवर जाते. लूप टेस्टर किंवा अर्थ टेस्टर वापरा.

फेज-न्यूट्रल उलटे, ढिले स्क्रू, मोठी एमसीबी

मीटरकडूनच फेज आणि न्यूट्रल उलटे आले तर आरसीसीबी चालतो, पण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रलमध्ये जाऊन बसते. फेजकडून जमिनीकडे दोष झाला तर तो प्रवाह एमसीबीतून जातच नाही, ती कधीच पडत नाही. एमसीबी खाली केली तरी दिव्याचा होल्डर जिवंत राहतो. मीटर, मेन स्विच किंवा सर्व्हिस वायरचे काम झाले की डीबीत फेज कुठे आहे ते पुन्हा तपासा.

एमसीबीच्या टर्मिनलमध्ये वायर पट्टीच्या मागे घातली तर स्क्रू घट्ट लागतो, पण वायर मोकळीच राहते. घट्ट केल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. इन्सुलेशन स्क्रूखाली दाबले गेले, की तांब्याला पकड मिळत नाही. जागा तापते, जळते, आणि हे तापणे एमसीबीला किंवा आरसीसीबीला ‘दोष’ म्हणून दिसत नाही, कारण प्रवाह नेहमीचाच असतो. टॉर्कचा (स्क्रू आवळण्याच्या जोराचा) आकडा यंत्रावर छापलेला असतो, तेवढाच द्या.

एमसीबी वायरला वाचवते, उपकरणाला नाही. १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरला १० अँपिअर, २.५ ला १६. यापेक्षा मोठी बसवायची तर पाइपात किती वायर आहेत आणि उष्णता किती हे बघून. ‘सारखी पडते’ म्हणून १६ च्या जागी ३२ लावली, तर पडणे थांबेल आणि भिंतीतली वायर तापू लागेल. आरसीसीबी ओव्हरलोडला पडतच नाही हेही लक्षात ठेवा. ४० अँपिअरच्या आरसीसीबीच्या आधी ४० किंवा त्याहून कमीची एमसीबी हवी.

वायरिंग बरोबर, तरी त्रास

प्रत्येक संगणक, एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरमधून थोडी गळती निरोगी अवस्थेतही होते. एका उपकरणाची १ ते ३ मिलीअँपिअर सहज. एकाच आरसीसीबीवर असे दहा-बारा झाले की तो काठावर येतो. गळती मोजणारा क्लॅम्प मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र लावा. ९ मिलीअँपिअरच्या वर कायम दिसत असेल तर सर्किटे दोन आरसीसीबींत वाटा. ३० च्या जागी १०० किंवा ३०० चा लावू नका. ते आगीपासून बचावासाठी असतात, माणसाला वाचवायला नाही. घराला मुख्य ३०० चा हवाच असेल तर तो उशिरा पडणारा एस जातीचा घ्या आणि त्याच्या पुढे ३० चे ठेवा.

एसी जातीच्या आरसीसीबीवर फक्त लाटेसारखे एक चिन्ह असते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून येणारी तुटक डीसी गळती तो ओळखेलच असे नाही. ए जातीचा ती ओळखतो आणि ६ मिलीअँपिअरपर्यंतची सरळ डीसी सहन करतो. त्याहून जास्त सरळ डीसी आली की कडे चुंबकाने भरून जाते आणि खऱ्या गळतीलाही हलत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर किंवा मोटरचा ड्राइव्ह असेल तर उत्पादकाने सांगितलेली जात लावा. बी जातीचा लागत असेल तर तो एसी किंवा ए जातीच्या पुढे जोडू नका, नाहीतर त्याच्यातून जाणारी डीसी आधीच्याला आंधळा करेल.

इन्व्हर्टर आरसीसीबीच्या पुढे असेल तर बॅटरीवर चालणाऱ्या लाइनला त्या आरसीसीबीचे संरक्षण नाही, कारण प्रवाह आता इन्व्हर्टरमधून निघतो. शिवाय इन्व्हर्टरची फेज आणि घराचा सामाईक न्यूट्रल अशी जोडणी असेल तर लाइट आली-गेली की आरसीसीबी पडतो. इन्व्हर्टरला आरसीसीबीच्या आधीहून वेगळ्या एमसीबीतून पुरवठा द्या, त्याच्या आउटपुटला स्वतःचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा आणि त्या लाइनचे न्यूट्रल वेगळ्या लिंकवर ठेवा. आरसीसीबीच्या पुढून पुरवठा दिला तर तो पडल्यावर न्यूट्रलही तुटतो, इन्व्हर्टरचे आउटपुट जमिनीपासून सुटे होते आणि पुढचा आरसीसीबी असून नसल्यासारखा.

सर्ज प्रोटेक्टर आरसीसीबीच्या आधी बसवा. पुढे बसवला तर त्यातला जुना झालेला व्हॅरिस्टर गळू लागतो आणि आरसीसीबी पाडतो. त्याच्या खिडकीत लाल दिसले तर बदला. जोडणीच्या वायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, आणि अर्थ तुटलेली असेल तर तो नुसता शोभेला आहे हे समजा.

दुरुस्तीनंतर

आरसीडी टेस्टर (आरसीसीबी किती गळतीला, किती वेळात पडतो ते मोजणारा) डीबीवर नव्हे, प्रत्येक सर्किटच्या शेवटच्या सॉकेटला लावा. १५ मिलीअँपिअरला पडू नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांत आणि १५० ला ४० मिलिसेकंदांत पडावा. प्रत्येक चाचणी लाटेच्या दोन्ही बाजूंनी, ० आणि १८० अंशांवर, करा. एका बाजूने पडणारा दुसऱ्या बाजूने उशीर करतो असे होते. एकदा प्लग उपसून आणि एकदा सगळी उपकरणे लावून मोजा. लावल्यावर १५ लाच पडला, तर उपकरणांची गळती मोजायला परत या. आकडे तारखेसह डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी ३० च्या चाचणीत १२० ऐवजी २६० मिलिसेकंद आले, तर आरसीसीबी सुस्तावतो आहे हे मर्यादा ओलांडण्याआधीच कळेल.